पहिल्या चौकोनात कोण

बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला आणि त्याच्यासोबत बोलणंही. वीस-बावीस वर्षं शेलूबाजार ते मंगरूळपीर जीप चालवलेला, स्टँडवर सगळ्यांत मोठा आवाज असलेला माणूस ‘हं’ आणि ‘ना’ एवढ्यावर आला. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. वाचताही येणार नाही इतक्यात. मी शेलूबाजारच्या शाळेत शिकवते, जऊळक्याहून रोज जाणं-येणं करते. निंदणाचे दिवस होते, माय सकाळीच वावरात जायची. दहा ते तीन बाबा घरी एकटे.

म्हणून आम्ही ठरवलं, दोन वाजता जेवण झालं की बाबांनी फोनवरच्या माझ्या फोटोला बोट लावायचं. मला पलीकडून ‘हं’ ऐकू आलं की पुरे.

पण फोनचा पडदा त्यांच्या कामाचा नव्हता. बारीक चित्रं, खाली नावं, आणि डावा अंगठा जरा घसरला की भलतंच पान समोर. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं की लाँचर नावाचं ॲप मिळतं, त्यानं फोनचा सगळा दर्शनी भाग आपल्याला हवा तसा मांडता येतो. त्याच संध्याकाळी मी एक उतरवलं.

पहिल्यात अक्षरं मोठी होती, पण अक्षरंच तर बाबांना लागत नव्हती. दुसऱ्यात फोटोंचे छान चौकोन होते, पण बोट लावलं की आधी पत्त्यांच्या खेळाची जाहिरात यायची. तिसऱ्यात जाहिरात नव्हती, मात्र अंगठा जरा जास्त वेळ टेकला की फोटो हलायला लागायचे आणि उडून जायचे. त्यात मी दोनदा पुसली गेले. चौथ्याला कुलूप लावता येत होतं, पण डावीकडे वरच्या कोपऱ्यात हे मोठं घड्याळ, माझा फोटो असायचा नेमका तिथं.

मधल्या सुट्टीत मी डबा न उघडता लोकांचे अभिप्राय वाचत बसायची. वह्या तपासताना डोक्यात चौकोनच असायचे. सहाचे चार केले तर? मागचा रंग काळा केला तर? रोज संध्याकाळी मी बाबांच्या हातातून फोन घ्यायची आणि काहीतरी बदलून परत द्यायची. औषध डॉक्टरांच्या हातात होतं, मालिश मायच्या. सहा महिने धीर धरा, असं सांगितलं होतं आणि मला सहा दिवस निघत नव्हते. माझ्या हातात तेवढा तो पडदा होता.

घड्याळवालं लाँचर फोनमध्ये टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजून गेले, फोन आला नाही. अडीचपर्यंत मी तीनदा लावला, नुसतीच रिंग. मायचा फोन वावरात लागत नाही. मुख्याध्यापकांना सांगून निघाले, तर जीप भरल्याशिवाय सुटेना. मी उतरून रस्त्यापर्यंत गेले, परत येऊन बसले, पुन्हा उतरले. रस्ताभर मनात नको ते येत होतं.

बाबा खाटेवर बसलेले होते. ताट रिकामं. फोन मांडीवर, आणि डावा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून दाबून पांढरा पडलेला. मला पाहून त्यांनी फोन खाटेवर आपटला. आजारानंतर त्यांचा राग मी पहिल्यांदाच पाहिला. फोन उचलला तर पडद्यावर घड्याळ उघडलेलं होतं आणि त्यात अकरा गजर लागलेले.

सकाळी मी त्यांना माझ्या फोटोची नवी जागा दाखवली होती. ते ‘हं’ म्हणालेही होते.

माय वावरातून आली आणि पहिला गजर वाजला. "हे काय वाजून राह्यलं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती मोरीत पाय धूत ऐकत राहिली.

"त्यायले चेहरे दिसतेत," ती म्हणाली. "पन हात आपल्या जागेवर जाते. तू रोज जागा बदलून राह्यली. त्यायले इचारलं काय, काय पाह्यजे ते?"

विचारलं नव्हतं.

रविवारी मी बाबांच्या शेजारी बसले. घड्याळ खाली सरकवता येत होतं, घाईत मी ते पाहिलंच नव्हतं. सहा रिकामे चौकोन केले आणि पहिल्यावर बोट ठेवून माझा फोटो दाखवला. "ना." मायचा दाखवला. "ना." डॉक्टरांचा? "ना." मग मी फोनमधले जुने फोटो एकेक सरकवत गेले. एका फोटोत जीपला टेकून उभे असलेले काका निघाले, स्टँडवर बाबांच्या पाठोपाठ ज्यांच्या जीपचा नंबर लागायचा ते.

"हं."

पहिल्या चौकोनात काका, दुसऱ्यात माय, तिसऱ्यात मी. "मी तिसरी?" मी हसत विचारलं, पण लागलं मला. बाबांचं लक्ष चौथ्या चौकोनाकडे गेलेलं होतं. उरलेले त्यांना विचारून भरले आणि मी कुलूप लावलं.

आता दोनचा फोन येतो, कधी अडीचला येतो, कारण आधी काकांना लागतो. मला चैन पडेना. स्टँडवर गाठून काकांना विचारलं, तुम्ही बोलता तरी काय?

"बोलत काही नाही," काका म्हणाले. "गाडी भरेपर्यंत फोन समोर ठेवून देतो. त्यायले स्टँड आयकू येते."

पंधरा-वीस दिवसांनी त्यांनीच मला थांबवलं. ते पॅसेंजरला ‘मंगरूळ, मंगरूळ’ अशा हाका मारत होते, तेव्हा फोनमधून आवाज आला म्हणे.

"तुह्या बाबानं काल ‘मंगरू’ म्हटलं. अर्धंच म्हटलं, पन म्हटलं."

घरी जाऊन चप्पलही न काढता मी बाबांसमोर उभी राहिले. म्हटलं, बाबा, मंगरूळ म्हणा.  मी पुन्हा म्हटलं, सावकाश, वर्गात पहिलीच्या पोरांना सांगते तसं.

"ना," बाबा म्हणाले.

"आज राहू दे," माय चुलीपासून म्हणाली.

मी त्यांचा फोन चार्जिंगला लावला. लावताना नवं कोणतं लाँचर आलंय का ते पाहिलंच. दोन आली होती. उतरवलं मात्र नाही.