मिनिटाला पंचेचाळीस शब्द

तिसरीच्या बाईंना सरकारचं काही पटलं, असं सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच झालं. सगळ्या देशातल्या शाळांना एकच दर्जा लावायचा, असं सरकार म्हणालं आणि बाईंनी मान डोलावली. त्याला कारण होतं. वर्षाच्या सुरुवातीला एक मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेतून आली होती. प्रगतिपुस्तकात सगळीकडे 'उत्तम', आणि पोरीला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. बाईंनी तिला अक्षरांपासून शिकवलं. ती हळू वाचायची, पण कळल्याशिवाय पुढच्या वाक्याला हात लावायची नाही. वर्गाने तिला 'मुंगी' म्हणायला सुरुवात केली.

"मीटर सगळीकडे सारखाच असतो ना? मग शाळांनाच काय धाड भरली आहे?" बाई जेवताना भावाला म्हणायच्या.

भाऊ शिंपी. "मीटर सारखाच असतो, ताई," तो म्हणाला, "पण माप घेणारा शहाणा लागतो."

दर्जा आला तो घड्याळ घेऊनच. मिनिटाला पंचेचाळीस शब्द. त्याहून कमी वाचणारं मूल 'मागे', आणि त्याची रवानगी वर्षभरासाठी वेगळ्या वर्गात; आमच्या बाईंच्या शाळेत तो भरे जिन्याखालच्या खोलीत. वाचलेलं कळलं का, यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. ते तपासायला डोकं लागतं, घड्याळ स्वस्त पडतं. उताराही देशभर एकच, सीलबंद पाकिटातला. पलीकडच्या मोठ्या शाळेत ते सील पंधरा दिवस आधीच फुटलं होतं. तिथली पोरं उतारा झोपेतही म्हणत आणि तिथले हेडमास्तर गुणवत्तेवर भाषणं देत फिरत. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग तपासनीस आले. कडक इस्त्री, गळ्यात घड्याळ, चेहऱ्यावर साऱ्या देशाचा भार. एकेक मूल खुर्चीवर बसे, उतारा धडाधडा म्हणे आणि उठे. गोष्ट एवढीच: पूर आला, नदीवरचा पूल वाहून गेला, संध्याकाळी पलीकडचे डॉक्टर पुलावरून चालत आजोबांना तपासायला आले.

मुंगी बसली. डॉक्टरांपर्यंत नीट आली आणि थांबली.

"सर, पूल तर वाहून गेला ना? मग डॉक्टर कसे आले?"

"पुढे वाच."

मुंगीने बोट ठेवून मागचं वाक्य पुन्हा वाचलं. मिनिट संपलं. एकतीस शब्द. तपासनीसांनी 'मागे' लिहिलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज त्यांनी चढवला नाही. "सर, या आठवड्यात हा उतारा तुम्ही किती वेळा ऐकलात?"

"दोनशे मुलं तरी झाली असतील."

"आणि पूल गेल्याचं तुम्हाला आज कळलं?"

तपासनीसांनी कागद उचलला आणि ओठ हलवत वाचला. "छापताना काहीतरी गडबड झाली असेल," ते म्हणाले. "पण बाई, नियम म्हणजे नियम. थांबायला गुण नाहीत."

बाईंनी निकालावर सही केली नाही. मुख्याध्यापकांनी केली. पुढ्यात आलेल्या कागदाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. चूक मुंगीने पकडली, असं तिचं नाव घालून बाईंनी वरच्या कार्यालयाला कळवलं आणि जिन्याखालचा वर्ग स्वतःकडे मागून घेतला.

तीन महिन्यांनी परिपत्रक आलं. बाईंनी ते मुंगीलाच वाचायला दिलं. उताऱ्यातली चूक तज्ज्ञ समितीने शोधून काढली होती, समितीचं अभिनंदन झालं होतं, आणि आधीचे निकाल कायम होते.

मुंगी सावकाश वाचत शेवटापर्यंत आली आणि थांबली.

"बाई, चूक होती हे त्यांना पटलं. मग मी अजून इथे का?"

बाईंनी परिपत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तो प्रश्न मुंगीलाच लिहायला लावला. मग कागद पाकिटात घातला, वर कार्यालयाचा पत्ता घातला आणि पाकिटाला चांगलं जाड सील लावलं.

"त्यांना वाचायला किती वेळ लागतो, बघू," बाई म्हणाल्या.