तिसऱ्या माळ्यावरचे बोंबील

सरावलीच्या त्या बिल्डिंगमध्ये जमना मावशीबद्दल कोणालाही विचारा, एकच सांगतील. "ती होय, बोंबीलवाली. सगळ्यांचं नेट पाडलं तिनं." म्हणून मी लिहायला बसले. मला लिहायची सवय नाय. शाळा नववीत सोडली, त्यानंतर पेन हातात घेतला तो आधारकार्डाच्या फॉर्मपुरता. पण ती माझ्या आईची सख्खी बहीण हाय. बोईसरच्या मासळीबाजारात मी रोज तिच्या शेजारी बसते. तिच्याबद्दल लोकांनी तेवढंच एक बोलावं, हे मला नाय चालत.

मावशीचं घर दांडीला, समुद्राच्या तोंडावर. मोठ्या उधाणाला पाणी मागच्या दारातून आत येतं, चूल उचलून खाटेवर ठेवायला लागते. घर तिच्या सासऱ्याच्या बापानं बांधलं. कागद नाय, कोणाच्या नावावर नाय. नरहरी काका, तिचा नवरा, दर्यात कधी बुडाला नाय, साध्या तापानं गेला. मागं राहिल्या दोघी, मावशी आणि रिद्धी.

रिद्धी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमी दोघी एकाच वलांडीखाली मोठ्या झालो. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणतात आणि त्यावर बोंबील सुकवतात, ती वलांडी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हे सगळ्याच बायका करतात. मावशी आणखी एक करते. दोन्ही शेपट्यांना खालून एक पीळ देते, म्हणजे वारा कितीही सुटला तरी जोडी पडत नाय. दांडीत असा पीळ दुसरं कोणी देत नाय. तिनं आमाला दोघींना शिकवला. मला जमला नाय, माझ्या हातात शेपटी तुटते. रिद्धीला पहिल्या दिवशी जमला.

पण रिद्धी शिकली. पालघरला कॉलेज केलं, ठाण्याच्या कुठल्या तरी कंपनीत लागली. दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. ते काम घरूनच करायचं असतं, पण ती विरारला मैत्रिणींबरोबर खोलीत राहायची. मावशी दर फोनला विचारायची, "कधी येतीस?" आणि ती सांगायची, "दांडीला नेट नाही मम्मी. मी काम कसं करू?"

लहानपणी ती आय म्हणायची. मम्मी नंतर झाली.

नेट नव्हतं हे खरं. बंधाऱ्यावर जाऊन उभं राहिलं तर मोबाईलवर दोन काड्या येतात. पण ती येत नव्हती ते नेटमुळं नाय, हे मला माहीत होतं. घरी आली की ती दोनदा डोकं धुवायची आणि उशी हुंगायची. मी मावशीला बोलले नाय. मावशीनं पोरीचा शब्द जसा दिला तसा घेतला. नेट नाय म्हणून येत नाय? मग नेट असेल तिथं घर घेऊ.

काकाचा होडीतला वाटा विकला, हातातल्या पाटल्या गेल्या आणि सरावलीत तिसऱ्या माळ्यावर वन रूम किचन घेतलं. वर सरळ गच्ची. कागद करायच्या आधी आठवडाभर ती बर्फाच्या पेटीच्या झाकणावर खडूनं सही गिरवत होती. गिऱ्हाईक आलं की पुसायची. रजिस्ट्री ऑफिसातला माणूस बोलला, "आजी, अंगठा चालेल."

"आजी तुझी घरी," मावशी बोलली. "घर माझं हाय. सही करनार."

सही करायला इतका वेळ लावला की मागची रांग कुरकुरायला लागली. मी मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. मग गप बसले.

त्या घरात पंखा लागायच्या आधी वायफाय लागला. वायरमन आला तो इंद्रजीत, बिहारचा, आमच्याच वयाचा, तोंडात गुटखा. त्यानं नाव विचारलं, "आंटी, वायफाय का नाम क्या रखूँ?"

"रिद्धी ठेव," मावशी बोलली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर तो पांढरा डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेला. होडीवर मोबाईल असाच ठेवतात ना, खारं पाणी लागू नये म्हणून. डबा तापून बंद पडला होता. इंद्रजीत परत आला आणि हसत बोलला, "आंटी, यहाँ कौन सा समुंदर है? इसको साँस तो लेने दो."

मावशीनं पिशवी काढली, घडी करून ठेवली. मग डब्यावरच्या दिव्याकडं बघत बोलली, "हिरवा म्हंजे चालू. नाय काय?"

"हाँ आंटी. हरा मतलब चालू. लाल हुआ तो मुझे फोन करना."

दिवाळीनंतर रिद्धी आली. खरंच आली. टेबल, खुर्ची, कानाला लावायचे ते हेडफोन, सगळं घेऊन. बाहेरच्या खोलीत तिची कंपनी, मावशी किचनमध्ये. रिद्धी बोलायला लागली की मावशी भांडं घासायची थांबायची. आणि अट होती, मासळी घरात आणायची नाय. अट रिद्धीनं घातली नव्हती. मावशीनंच स्वतःला घातली. बाजार उठला की ती आधी बाजारामागच्या माझ्या खोलीवर यायची, अंघोळ करायची, लुगडं बदलायची, मग सरावलीची रिक्षा पकडायची. मी एकदा चिडून बोलले, "स्वतःच्या घरात जायला पण अंघोळ करून जातीस?"

"बिल्डिंग हाय ती," मावशी बोलली. "तुला काय कळतंय? पोरगी हाय ना घरात. बास झालं."

बिल्डिंगमध्ये रिद्धीनं सांगितलं होतं की पप्पा कंपनीत होते आणि मम्मीचा बोईसरला धंदा हाय. कसला ते नाय सांगितलं. धर्मेशभाई सेक्रेटरी होता, तळमजल्यावर राहायचा. त्याला वाटायचं कपड्यांचा. "आपली रिद्धी" म्हणायचा तिला. रिद्धीला ते आवडायचं, मी बघितलंय.

मग जानेवारीत एका रात्री जेवताना रिद्धी सहज बोलली, "भाजलेला बोंबील खाऊन किती दिवस झाले." एवढंच. बोलली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. मावशीनं दुसऱ्या दिवशी बाजारात मला हे चार वेळा सांगितलं.

"मग घे ना माझ्याकडचा सुका," मी बोलले.

"त्यात वाळू असती. तिच्या दाताखाली आली तर परत मागनार नाय. मी सुकवीन. गच्चीवर. कसली साफ गच्ची हाय, ना वाळू ना कुत्रं."

"आणि वास?"

"दोन दिवसांचा तर कारभार. वर कोन जातंय?"

बुधवारी दुपारी बाजार ढिला होता. ताजे बोंबील पाटीत भरले, वरून केळीचं पान, त्यावर चादर. पाटी मीच वर नेली. रिद्धी खाली कामात होती, दार बंद. गच्चीवर वारा छान होता, कोरडा. आणि तिथं छातीइतक्या उंचीवर, एका सळईपासून दुसऱ्या सळईपर्यंत, काळी दोरी ताणलेली. मावशीनं हात लावून बघितला, ओढून बघितली.

"बग, कोनीतरी आदीच बांधून ठेवलीय," ती बोलली. इतकी खुश झाली ती.

मी दिवसभर मोबाईल घेऊन फिरते. मला कळायला पाहिजे होतं. नाय कळलं. आमाला ताणलेली दोरी दिसली की वलांडीच दिसते. ती इंद्रजीतची वायर होती, शेजारच्या बिल्डिंगवरून आमच्या बिल्डिंगचं सगळं नेट घेऊन आलेली. तात्पुरती बांधली होती. धर्मेशभाई महिनाभर सांगत होता वर घे, आणि तो सांगत होता, कल करता हूँ.

मी जोड्या अडकवून देत होते, मावशी टाकत होती आणि पीळ मारत होती. सगळी वायर भरली. ओल्या बोंबलांचं वजन, वायर खाली झोळीसारखी आली आणि कठड्याच्या धारेवर दुमडली. आमी पाटी धुवायला नळाशी गेलो.

खाली पहिल्यांदा कोण ओरडलं ते माहीत नाय. मग सगळेच ओरडले. दुसऱ्या माळ्यावर कोणाच्या पोराची परीक्षा चालू होती, पहिल्या माळ्यावर कोणाची मीटिंग. रिद्धीचं कोणाशी तरी चाललेलं बोलणं मध्येच तुटलं. इंद्रजीतला फोन गेला, तो वीस मिनिटांत आला आणि वायरचा माग काढत गच्चीवर. त्याच्या मागं धर्मेशभाई, त्याच्या मागं आठ-दहा लोक.

"अरे बाप रे," इंद्रजीत बोलला. "आंटी, ये तार है! अंदर काँच का बाल होता है, मुड़ा तो मर गया."

धर्मेशभाईनं नाकाला रुमाल लावला. "हे कोणाचं आहे?"

"माझं," मी बोलले. "मी लावलेत. मावशीचा काय संबंध नाय. मी दांडीची, मला वाटलं दोरी हाय. काय बोलायचं ते मला बोला."

मावशी तोंड उघडायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात रिद्धी वर आली. गळ्यात हेडफोन तसेच. तिनं बोंबलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलंच नाय. सरळ वायरीजवळ गेली, एक शेपटी धरली.

"खोटं नको बोलू हेमाली. तुला हा पीळ येत नाय. ही आयची जोडी हाय."

इंद्रजीत वायर मोकळी करायला बोंबील ओढत होता, पीळ सुटत नव्हता, डोकी तुटून हातात येत होती. एक बाई "शी शी" करत होती. रिद्धीनं ते थोडा वेळ बघितलं. मग त्याला बाजूला सारलं आणि सोडवायला लागली. दोन बोटांनी पीळ उलटा, अंगठ्यानं जबडा उघडून जोडी पाटीत. पीळ, जबडा, पाटी. खाली बघायला पण लागत नव्हतं तिला. इतक्या वर्षांनी पण हात तसाच चालत होता. मावशी बघत उभी होती, आणि खरं सांगते, त्या गोंधळात पण तिच्या तोंडावर कौतुक होतं.

"अरे वा," धर्मेशभाई रुमालातून बोलला. "रिद्धी, तुला पण येतं का हे?"

दोघं-तिघं हसले. वाईट बोलला नव्हता तो. पण रिद्धीचे हात थांबले. तिनं हातांकडं बघितलं, बोंबलाचं चिकट पाणी मनगटापर्यंत आलेलं. अर्धी वायर तशीच भरलेली टाकून ती खाली गेली. बाकीचे मावशीनं काढले.

नेट दुसऱ्या दिवशी सकाळी चालू झालं. नवी वायर पाइपातून वर नेली, तिचा खर्च मावशीनं दिला, कोणी मागायच्या आधी. घरोघरी जाऊन माफी पण मागितली. मी बोलले होते नको जाऊ. एका दारात तर तिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून पंखा लावला.

चौथ्या दिवशी रिद्धी गेली. टेबल, खुर्ची, सगळं टेम्पोत घातलं. मावशी जिन्यात तिच्या मागं मागं.

"पन आता नेट झालं ना बाय? हिरवा लागलाय, बग तू येऊन. आता कोन हात नाय लावनार."

"भरवसा नाही मम्मी. परत गेलं तर माझी नोकरी जाईल."

"मग मी दांडीला जाते. तू रहा खोलीत. एकटी रहा."

रिद्धी आणखी दोन पायऱ्या उतरली. मला वाटलं मागून तिचे केस धरून सांगावं, खरं बोल. एकदा तरी तिच्या तोंडावर खरं बोल. नाय धरले. मावशी पुढं होती.

ते बोंबील मावशीनं फेकले नाय. दांडीला नेऊन नीट सुकवले, एक एक फडक्यानं पुसला, बिस्किटाच्या डब्यात भरले आणि झाकणाला गोल चिकटपट्टी लावली, वास येऊ नये म्हणून. डबा माझ्या हातात दिला. "विरारला देऊन ये. माझ्या हातून घेनार नाय."

मी गेले. रिद्धी गेटपर्यंत आली. डबा बघून मागं बघितलं, मैत्रिणी खिडकीत होत्या.

"इथं नको हेमाली. वास येतो."

"पट्टी लावलीय."

"तरी येतो." मग हळू बोलली, "आयला सांग मी जेवते नीट." आणि आत गेली. आय बोलली, हे मी ऐकलं. पण डबा घेतला नाय.

संध्याकाळी मी सरावलीला गेले. दुसऱ्या जिन्यावर माझ्या फोननं नेट पकडलं. दार उघडंच होतं. मावशी बाहेरच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलेली, जिथं टेबल होतं तिथं, तोंड त्या वायफायच्या डब्याच्या हिरव्या दिव्याकडं. अंघोळ करून, लुगडं बदलून. कोणासाठी, काय माहीत.

"घेतला?"

"घेतला की."

"वास आला काय?"

"कुठं. लगेच दोन भाजले, भाताबरोबर खाल्ले. मैत्रिणींना पण दिले."

गच्चीवर माझी थाप एका मिनिटात पकडली गेली होती. ही नाय पकडली गेली. मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं आणि मानलं.

"वाळू नव्हती ना?"

"अजिबात नाय."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, फडक्यानं वायफायच्या डब्यावरची धूळ पुसली. "म्हंजे राग नाय तिला," ती बोलली. "नेटचंच होतं. मी बोलले ना तुला? नेट बंद पडू द्यायचं नाय. इंद्रजीतला सांग, महिना संपायच्या आदीच रिचार्ज कर म्हनावं."

"सांगते."

"आनि पुढच्या हंगामाला दोन पाट्या सुकवू. आवडलेत तिला."

मी हो बोलले. बिस्किटाचा डबा माझ्या खोलीत खाटेखाली हाय. पट्टी मी काढलेली नाय.