उजव्या बाजूचा फलाट

साहेबांनी त्या रस्त्यावरच्या बसमध्ये कधी पाय ठेवला नव्हता, आणि ती बस लवकर कशी पोचेल हे ठरवायचं काम त्यांच्याच ऑफिसला मिळालं होतं. नव्वदच्या दशकातल्या बेंगळुरात गाडीवाल्यांनी बसवाल्यांचं भलं करायचं मनावर घेतलं, की त्याची सुरुवात अशीच व्हायची.

मी त्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. साहेब पेन्सिलीनं रेघोट्या ओढून द्यायचे, मी त्या ट्रेसिंग पेपरवर शाईनं पक्क्या करायची, आणि मग अमोनियाचा उग्र वास मारणाऱ्या प्रिंटा निघायच्या. घर जयनगरच्याही पुढं, नव्या लेआउटमध्ये. पणजोबांच्या वेळेपासून आम्ही याच गावचे. घरात मराठीच बोलायचो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की कुठला शब्द कुणाचा हे आम्हाला सांगता आलं नसतं.

साहेब पुण्याचे. चार वर्षांपूर्वी इकडं आलेले. मध्ये कधीतरी तीन आठवडे परदेशी जाऊन तिथल्या बसगाड्यांच्या स्लाइडी घेऊन आलेले. त्या स्लाइडी त्यांनी आम्हाला इतक्यांदा दाखवल्या की त्यातल्या फलाटावर उभ्या असलेल्या लाल छत्रीवाल्या बाईला मी रस्त्यात भेटले असते तर ओळखलं असतं. काम समजलं की मी सवयीनं "सरी सर" म्हणायची, कन्नडातलं 'बरं' या अर्थी. त्यावर ते दर वेळी म्हणायचे, "सरी काय हो? साडी नेसायचीय का?" ऑफिसात मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळं हसायचेही ते एकटेच.

रस्त्याची पाहणी त्यांनी स्वतः केली. रविवारी सकाळी, स्वतःच्या गाडीतून. मी विचारलं, "सर, रविवारी का?" तर म्हणाले, "अहो, वीकडेला इतकं ट्रॅफिक असतं, काही नीट बघताच येत नाही." मी मान खाली घालून पेन धुवायला गेले. सोमवार ते शनिवार मी तोच रस्ता बसमधून बघत होते. बघायला भरपूर वेळ मिळायचा, कारण बस उभीच असायची.

आमच्याकडं बायका पुढच्या दारानं चढतात. त्यामुळं मी रोज ड्रायव्हरच्या शेजारी, त्या तापलेल्या इंजिनाच्या झाकणापाशी. सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर पन्नाशीचा होता, निपाणीकडचा. एकदा पाय चेंगरल्यावर माझ्या तोंडून मराठीत शिवी गेली, तेव्हा त्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "आपल्यातल्याच की तुम्ही, अक्का!" तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. मी त्याला अण्णा म्हणायची. त्याला मी सांगितलं, की हा रस्ता सुधारायचा नकाशा मी काढते आहे.

तो मोठ्यांदा हसला. "मग आधी तो खांब उचला की."

मला कळेना. त्यानं हनुवटीनं दाखवलं. स्टॉपचा खांब मिठाईच्या दुकानापुढं होता, सिग्नलच्या अगदी अलीकडं. "बघा आता. हिरवा पडला. आमची माणसं अजून चढायलीत. ही चढेपर्यंत लाल. आता पुढं रिक्षा येऊन उभारणार. परत हिरवा पडंल, रिक्षावाला हलंपर्यंत परत लाल. एका स्टॉपला मी दोन लाल खातोय रोज. खांब सिग्नलच्या पलीकडं रोवला तर एक बी खायला नको."

"आणि बाकीचा वेळ?"

"बाकीचा कंडक्टर खातोय. तिकिटं संपली न्हाईत की स्टेजच्या, म्हंजे भाडं बदलतंय त्या स्टॉपच्या, अलीकडं गाडी उभी करा म्हणतोय. त्याची बी चूक न्हाई. एवढ्या माणसांत एकटा काय करणार तो?"

त्या दिवसापासून मी घड्याळ बघायला लागले. तीन आठवडे, रोज दोन्ही वेळेला, गाडी कुठं थांबली, कशासाठी आणि किती वेळ, ते पॉकेट डायरीत लिहीत गेले. गर्दीत हात वर करून लिहायचं म्हणजे अक्षर कोंबडीच्या पायासारखं. घरी येऊन पुन्हा नीट उतरवायची. अण्णाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. गाडी धावताना फारशी अडत नव्हतीच, ती उभी राहून राहून मरत होती. चार खांब हलवले आणि गर्दीच्या वेळेला एक कंडक्टर वाढवला तर माझा निम्मा वैताग वाचला असता.

वही घेऊन मी साहेबांकडं गेले. त्यांनी उभ्याउभ्याच दोन पानं चाळली.

"हे तुम्ही कधी केलंत?"

"बसमध्ये सर. येता-जाता."

"लेडीज सीटवर बसून?" त्यांनी वही परत दिली, तीही दोन बोटांत धरून. "हे बघा, आपल्याला कॉरिडॉर डिझाइन करायचाय. खांब हलवायला कन्सल्टंट कशाला लागतो?"

हे मात्र ते खरं बोलले. खांब हलवायला कन्सल्टंट लागत नाही, आणि म्हणूनच खांब हलणार नव्हता. मी वही पर्समध्ये टाकली. त्या क्षणापासून मला त्या माणसाबद्दल निव्वळ तुच्छता वाटू लागली, आणि ती इतकी चवदार होती की मी ती रोज थोडी थोडी चाखायची.

योजना अशी ठरली. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाला लागून, नुसत्या बससाठी एक पट्टा. पट्ट्याच्या कडेला पिवळे रंगवलेले ड्रम. आणि स्टॉप फुटपाथवर नाहीत, दुभाजकावर. तिथं लाकडी फलाट, वर पत्र्याचं छत. साहेबांनी स्लाइड भिंतीवर पाडून तिच्यावरूनच पेन्सिलीनं आराखडा उतरवला आणि माझ्या बोर्डावर ठेवला. आधी दोन किलोमीटरचा प्रयोग, मग सगळा रस्ता.

मी शाई भरायला घेतली. दुभाजक काढला, फलाट काढला, फलाटाला टेकून बस काढली. आणि बसला दार काढायला गेले तेव्हा माझा हात थांबला. दुभाजक बसच्या उजव्या हाताला होता. आपल्या बसची दारं डाव्या हाताला असतात. फलाटाच्या बाजूला येत होता तो ड्रायव्हर, त्याची खिडकी, आणि पुढून मागपर्यंत सलग पत्रा. दारं उघडत होती ती पलीकडं, ड्रमांच्या दिशेला, धावत्या गाड्यांच्या तोंडावर.

साहेबांची केबिन माझ्यापासून दहा पावलांवर होती. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आमच्याकडची मुलं ठीक आहेत, पण विचार करायची सवय नाही."

मी बसला दार काढलंच नाही. वरून बघितल्यावर बस म्हणजे एक लांबट चौकोन. तसा तो स्वच्छ काढला, आकडे घातले, उत्तरेचा बाण काढला. साहेबांनी सही केली. वरच्या खात्यात आणखी चार सह्या झाल्या. त्या पाच जणांपैकी कुणी बसचं दार कधी आतून बघितलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. साइटवर कुणाच्या तरी लक्षात येईल, साहेबांची फजिती होईल, आणि मी कोपऱ्यात उभी राहून बघेन, असं चित्र मी रंगवलं होतं.

साइटवर लक्षात आलंही. मुकादमानं विचारलं. त्याला उत्तर मिळालं, "ड्रॉइंगप्रमाणे करा."

उद्घाटनाला मंडप, नादस्वर, हार. पाहुणे बसमध्ये चढले ते मंडपापाशी, डाव्या बाजूनं, आणि उतरले तेही पट्टा संपल्यावर डाव्याच बाजूनं. मधल्या फलाटांवर गाडी थांबवायचं कुणाला सुचलं नाही. टाळ्या झाल्या. बसच्या मागून, राखीव पट्ट्यातूनच, पाहुण्यांच्या मोटारी गेल्या. साहेब इतके खुश होते की मलाही पेढा दिला. तो मी खाल्ला.

खरी बस दुसऱ्या दिवशी सकाळी धावली. मी होतेच. पहिल्या फलाटावर चाळीसेक माणसं सगळ्या गाड्या चुकवत मधोमध येऊन उभी राहिली होती. अण्णानं गाडी लावली. माणसं त्याच्या खिडकीकडं बघतायत आणि तो माणसांकडं. मग त्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आता काय माझ्या मांडीवरनं येताय?"

लोक हसले. मीही हसले. त्यानंतर माणसं फलाटावरून खाली उड्या मारून, बसच्या पुढून-मागून वळसा घालून, ड्रमांच्या फटीतून दाराकडं धावू लागली.

तिसऱ्या स्टॉपवर एक फुलवाली उतरायची. साठीची, बुटकी, मोठी टोपली कमरेवर. मोगऱ्याचे गजरे बाजारात नेऊन विकायची. रोज माझ्या पायाशी टोपली ठेवून "स्वल्प जागा दे गं" म्हणायची, एवढीच आमची ओळख. त्या दिवशी ती नेहमीसारखी डाव्या पायरीवरून उतरली, आणि खाली फुटपाथ नव्हता. ड्रमाला खेटून स्कूटर आली. टोपली एकीकडं, ती एकीकडं. मी उतरले तेव्हा ती बसलेली होती आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडं बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मनगट मोडलं होतं.

रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. आत ती ओरडत होती. चौकोन मी काढला होता.

तिथून मी ऑफिसात गेले आणि साहेबांना सांगितलं. बाई पडली, फलाट उलट्या बाजूला आहेत, आणि हे मला शाई भरतानाच दिसलं होतं.

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "दिसलं होतं? मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं नसतंत."

"नसतं ऐकलं कदाचित," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगायचं होतंत."

त्या माणसाकडून मला असं काही ऐकावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. खरं आहे म्हणून आणखीच संताप आला. पण दुसऱ्याच वाक्यात ते पुन्हा स्वतःच्या वळणावर गेले. "प्रॉब्लेम डिझाइनचा नाहीच. प्रॉब्लेम बसेसचा आहे. उजवीकडे दारं असलेल्या बसेस मागवायला हव्यात." तशी टिपणी त्यांनी लगेच लिहायला घेतली.

अण्णानं मात्र टिपणीची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो त्या पट्ट्यात शिरलाच नाही. डाव्या कडेनं गाडी नेली, आणि मिठाईच्या दुकानापुढंही न थांबता सिग्नल ओलांडून पलीकडं थांबला. बाकीच्या गाड्यांनी दोन दिवस बघितलं आणि त्याही तशाच जाऊ लागल्या. लोक चार दिवसांत तिथं जाऊन उभे राहायला शिकले. राखीव पट्ट्यात मोटारी लागू लागल्या. ड्रम एकेक करून नाहीसे झाले, आमच्याच गल्लीत तीन घरांत नळाचं पाणी साठवायला पिवळे ड्रम आले, आणि शेजारणीनं मला विचारलं, "हा रंग पाण्यात उतरत नाही ना गं?" आठवड्याभरात प्रयोग संपला. तो संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही.

अण्णाला मेमो मिळाला. ठरवलेल्या जागी गाडी न थांबवल्याबद्दल. त्यानं तो कागद मला दाखवला आणि घडी करून खिशात ठेवला. "तीस वर्षांत पहिलाच," एवढंच म्हणाला.

या खेपेला मी गप्प बसले नाही, यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही; एकदा गप्प बसून काय होतं ते मी दवाखान्याच्या बाकावर बघितलं होतं. अर्धा दिवस रजा टाकून डेपोत गेले. तिथल्या अधिकाऱ्यापुढं वही ठेवली, प्रिंट उलगडली, आणि माझ्या मोडक्यातोडक्या सरकारी कन्नडात सांगितलं, की चूक ड्रॉइंगची आहे, ते मी काढलं आहे, आणि ड्रायव्हर थांबतो तीच जागा बरोबर आहे. अधिकाऱ्यानं बोटानं बसचा चौकोन चाचपला. "बागिलू एल्ली?" त्यानं विचारलं. दार कुठाय? पाच सह्यांनंतर तो प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. मी म्हटलं, "मी काढलं नाही." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की साहेबांकडं मी वर्षभर कसं बघत होते ते मला कळलं.

मेमो समज देऊन मिटला. अण्णाला दुसऱ्या मार्गावर टाकलं, हेब्बाळच्या बाजूला. शिक्षा म्हणून की नेहमीची बदली म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

फुलवालीकडं मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा तिला सगळं सांगितलं. तिचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं आखडली होती. गजरे सून गुंफत होती आणि ती कळ्या निवडून देत होती. ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "पगार कमी करतील का गं तुझा?" मी नाही म्हटलं. "मग सरी," म्हणाली, आणि पुन्हा कळ्या निवडायला लागली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर घरी जाणं सोपं गेलं असतं.

साहेबांचा अहवाल वर्षाअखेरीस गेला. चकचकीत कव्हर, आत उजव्या दारांच्या बसचं रंगीत चित्र. परिशिष्टात एक पान होतं, स्टॉप सिग्नलच्या पलीकडं हलवण्याबद्दल. आकडे माझ्या वहीतले, डेपोतून फिरून आलेले, आणि खाली साहेबांची सही. मी काही बोलले नाही, पण यावेळी ते तुच्छतेनं नव्हे. ते पान तरी बरोबर होतं. त्या अहवालावर त्यांना दिल्लीचं बोलावणं आलं. मी नोकरी सोडून एका शाळेत भूमितीचं चित्रकाम शिकवायला लागले.

पुढं पावसाळ्याच्या आधी एका दुपारी दोन कामगार पहार घेऊन आले. त्यांनी मिठाईच्या दुकानापुढचा खांब उपटला, खांद्यावर टाकून सिग्नल ओलांडला, पलीकडं खड्डा खणून रोवला आणि बुटानं माती दाबली. मी समोरच्या फुटपाथवर बसची वाट बघत होते. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. मग त्यातल्या एकानं खांब हलवून बघितला, पक्का बसलाय अशी खात्री केली, आणि दोघं चहा प्यायला गेले.