चंदनसारचं हिरवं बिल्ड

आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मशीनच्या नोंदींचे जुने लॉग दर महिन्याला डिलीट होतात. किस्से होत नाहीत, साठत जातात. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी चंदनसारच्या या दोन खोल्यांत चिकटलो. वर्ष झालं, अजून प्रोबेशनवर. मालक म्हणजे सर, त्यांचं डोकं फिरलं की मी घरी.

गिरीजचे डॉमनिक काका आमचे सीनियर. बिल्ड, म्हणजे कोड जोडून चालता प्रोग्राम बनवणं, काकांच्या स्क्रिप्टवर चालतं. कोड जोडणारी टूल्स जे काही छापतात त्यात ती 'error' हा शब्द शोधते. सापडला तर स्क्रीन लाल, नाहीतर हिरवी.

एकदा टूलने छापलं, '0 errors'. स्क्रीन लाल.

"काका, शून्य आहेत."

"शब्द आहे ना? मग थांबायचं."

दीड दिवस थांबलो.

*

काकांच्या भाच्याने जर्मनीहून आणलेली मशीन ऑफिसला दिली. टूल्स जर्मनमध्ये बोलायला लागली. कोड फुटलेला, स्क्रीन हिरवी. मी म्हटलं, स्क्रिप्टमध्ये वर LC_ALL=C अशी एक ओळ टाका, सगळी टूल्स इंग्रजीत बोलतील. काकांनी भाच्याला फोन लावला, एररला जर्मनमध्ये काय म्हणतात ते वहीत उतरवलं आणि स्क्रिप्टला तोही शब्द शोधायला लावला.

"उद्या फ्रेंच मशीन आली तर?"

"तिकडे पण आहेत आपली माणसं."

*

मग सरांना भाषेचा अभिमान चढला. एका सकाळी सगळ्या मशीन मराठीत. जुनी बिल्ड्स पुसणारी स्क्रिप्ट महिन्याचं नाव इंग्रजीत शोधायची. तिला 'ऑगस्ट' वाचता येईना. तिने काहीच पुसलं नाही, डिस्क भरली.

"सर, निदान स्क्रिप्टपुरतं इंग्रजी करू?"

"मातृभाषेची लाज वाटते तुला?"

सरांचा मुलगा विरारमधल्या सगळ्यात महागड्या इंग्लिश शाळेत आहे. आम्ही नवीन डिस्क आणली.

*

आता टूल्स 'त्रुटी' म्हणत होती. स्क्रिप्टला तो शब्द माहीतच नाही. आठवडाभर सगळं हिरवं. सरांनी पेढे वाटले. बिल्ड फुटलं की फोल्डरमध्ये मागचीच फाइल राहते. वटारच्या एका लॅबवाल्या डॉक्टरांना आम्ही तीच रोज 'नवीन व्हर्जन' म्हणून पाठवत होतो.

"काका, 'त्रुटी' तरी वहीत घ्या."

"मराठी कशाला लिहायचं? ते आपल्याला कळतंच."

*

सोमवारी डॉक्टर स्वतः डेमो बघायला आले. सकाळीच सरांनी मला एक पाकीट दाखवलं होतं. "परमनंटचं लेटर. आज नीट पार पडलं तर तुझं."

म्हटलं, आता तरी खरं चालवू. कुणाला न विचारता स्क्रिप्टमध्ये ती इंग्रजी करणारी एक ओळ टाकली आणि डॉक्टरांसमोर बिल्ड सुरू केलं.

स्क्रीन लाल. एक्केचाळीस एरर.

सर म्हणाले, "शनिवारपर्यंत एकही नव्हता."

"होते सर. आपण वाचत नव्हतो."

"म्हणजे आठवडाभर काका झोपले होते?"

मी "हो" म्हणालो.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. काका उठले, चष्मा लावला, मला खुर्चीवरून उठवलं. ओळख ना पाळख, अशा थाटात माझी ती ओळ उडवली आणि बिल्ड पुन्हा चालवलं.

हिरवं.

डॉक्टरांनी उभं राहून काकांचा हात हातात घेतला. "एक्केचाळीस चुका, एका मिनिटात. याला म्हणतात अनुभव."

सरांनी पाकीट ड्रॉवरमध्ये परत टाकलं. "अजून एक वर्ष काकांच्या हाताखाली काढ," ते मला म्हणाले. "शिकशील."