नव्वद किलोचा आकाराम

आकाराम वस्ताद आमच्या अडतीच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांशी बोलायचा. उजव्याला म्हणायचा, "चल रं, एवढी एकच." आणि डाव्याला, "तुला काय वायलं आवतान पायजे?" अडत शाहूपुरीत, गुळाची. मी तिथं तोलाईला. पायऱ्या म्हणाल तर तीनच, पण २००३ च्या त्या उन्हाळ्यात आकारामला त्या जोतिबाच्या डोंगरासारख्या लागत होत्या. वर आला की तो रित्या बारदानाच्या ढिगावर बसायचा, डोळे मिटायचा.

"ज्ञानू, दमलो गड्या."

"काय केलंस एवढं?"

"काय न्हाई. त्यानंच दमलो."

आम्ही दोघं पेठ वडगावच्या बाजूचे, एका गावचे, एका शाळेचे. शेर-मण जाऊन किलो आला तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी वर्गात विचारलं, "शेर मोठा का किलो मोठा?" आकाराम उठून म्हणाला, "खायाला काय देताय त्याच्यावर हाय, गुरुजी." गुरुजी हसले, मग हसत हसतच छडी घातली. सातवी झाल्यावर मी गुळात आलो आणि तो मातीत गेला. दोघांचाही जन्म वजनातच गेला म्हणायचा.

आकाराम मोठा पैलवान झाला असं मी सांगणार नाही. खासबागेच्या मैदानात त्याची पाठ मातीला लागलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय. पण गावोगावच्या जत्रेत त्याचं नाव पुकारायचे ते असं: "नव्वद किलोचा आकाराम!" हलगी कडाडायची आणि हा आखाड्यात उतरायचा. पैलवानाला वजन म्हणजे आडनाव असतं. पुढं शिवाजी पेठेत एका लहान तालमीचा तो वस्ताद झाला. पोराच्या मानेवर एक थाप टाकायचा आणि वजन सांगायचा. आमच्या अडतीवर त्यावरून चहाच्या पैजा लागत, आणि चहा कायम तोच प्यायचा.

त्याचा एक नेम होता. पठ्ठे जेवल्याशिवाय वस्तादानं घास घ्यायचा नाही. त्याच्या वस्तादानं तसंच केलं होतं, म्हणून यानंही केलं. पोरं जेवून हात धुवायला उठली की मग हा ताटावर बसायचा. भाकरी उरली तर भाकरी, नाही तर नुसता रस्सा.

पण पोरं कमी होत गेली. मॅट आली, जिम आली, कंपन्या आल्या. पहाटे हौदातली लाल माती उकरायला आधी चौघं यायची, मग दोघं, मग आकाराम एकटा. एक दिवस त्यानं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेच्या करगोट्याला बांधली. तालमीमागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको, शालूबाई वहिनी, राहायचे. मुलगा कृष्णात चिंचवडला कंपनीत. सणाला यायचा.

अशात जतकडच्या एका कुस्तीच्या मैदानात आकाराम पंच म्हणून गेला होता. तिथल्या धनगरानं त्याला शालीबरोबर एक पिल्लू दिलं. कारवानी. तुम्ही कारवानी कुत्रं पाहिलं असेल तर ठाऊक असेल, ते मुळातच काटक. पाय लांब, तोंड निमुळतं, पोट आत ओढलेलं. ससा दिसला की बाण सुटल्यागत जातं. आकारामनं नाव ठेवलं हरण्या. शालूवहिनी म्हणाली, "ह्ये कुत्रं हाय का दोरीवरचं धुनं?"

"खाईल आनि भरंल," आकाराम म्हणाला. तिथंच घोळ झाला. त्यानं त्या कुत्र्याला पठ्ठा केलं.

सकाळी दूध आणि बदामाची थंडाई. दुपारी भाकरी, तूप. बुधवारी, रविवारी मटण. गुडघ्यांमुळं आकारामला आत चुलीपुढं मांडी घालून बसता येत नव्हतं, म्हणून तो बाहेर कट्ट्यावर ताट घेऊन बसायचा. हरण्या समोर. वहिनी आतून वाढायची, ताट लख्ख होऊन परत यायचं. तिला बिचारीला वाटायचं, म्हातारा अजून पैलवानासारखा जेवतोय.

तिसऱ्या वर्षी हरण्या बसून राहायला लागला. चार पावलं चालला की धापा टाकायचा. मांजर समोरून गेलं तरी मान उचलायचा नाही. आकारामची झोप उडाली. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी हरण्याच्या कुशीवर बोटं फिरवली, शेपटीच्या मुळाशी चाचपलं.

"वस्ताद, चरबी वाढलीय. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. ह्याच्या मला शोधूनही सापडत नाहीत. असंच चाललं तर काळीज दगा देईल. खाणं निम्मं करा आणि रोज चालवा."

आकाराम दवाखान्याच्या बाहेर आल्यावर बोलला. "बरगड्या मोजाय याव्यात असा गडी आमी तालमीच्या दारात उभा करत न्हवतो. ह्येंचं शिक्षान गाई-म्हशीचं. पाय बघ त्याचं, काड्या झाल्यात! वाळलाय त्यो, ज्ञानू. चल तुझ्या काट्यावर. दूध का दूध."

अडतीत तेव्हा नवा काटा आला होता, लाल आकडे दाखवणारा. पण हरण्या त्या गार पत्र्यावर उभा राहीना. पाय ठेवला की अंग चोरून उडी मारायचा. आकाराम म्हणाला, "थांब." खाली वाकला, कुत्र्याला दोन्ही हातांत घेतलं आणि उठला. उठताना त्याच्या तोंडातून आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. काट्यावर चढला. मी आकडा वाचला.

"एकशे एक."

"त्यातला नव्वद मी," आकाराम म्हणाला. "ऱ्हायलं किती?"

"अकरा."

"अकरा!" त्याचा चेहरा पडला. "अरं, अकरा किलोचं तर कोकरू असतंय. आनि डाक्तर म्हनतोय चरबी!"

"हातात कसा लागतोय तुला?" मी विचारलं.

"जडच लागतोय की. पर आता मला पान्याची घागर बी जड लागती. हात दमल्यात माझं, त्याला कुत्रं काय करंल?"

आता मला सांगा, मी काय म्हणायला पाहिजे होतं? दिवसभर गूळ तोलणारा माणूस मी. पण नव्वद किलोचा आकाराम हे मी तीस-पस्तीस वर्षं ऐकत आलो होतो, हलगीच्या ठेक्यावर. ते काट्यावर घालून बघावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मीही मान हलवली. "अकरा म्हंजे लईच कमी."

त्या दिवसापासून आकारामनं आपल्या ताटातलं उरलंसुरलंही त्याच्यापुढं सरकवलं. कच्ची अंडी चालू केली. मी कधी पेठेत गेलो तर कट्ट्यावर दोघं समोरासमोर बसलेले दिसायचे, दोघांचेही डोळे अर्धे मिटलेले. जाणारे-येणारे म्हणायचे, "वस्ताद, काय तब्येत केलीया कुत्र्याची!" ते गेले की आकाराम मला म्हणायचा, "लोकांस्नी केस दिसत्यात, हाडं दिसत न्हाईत. ह्यो गेला तर तालीम खरंच बंद, ज्ञानू. शेवटचा पठ्ठा हाय."

महिन्याभरानं तो पुन्हा आला. रिक्षातून. हरण्याची जीभ बाहेर, डोळे तांबारलेले. या वेळी आकाराम गुडघ्यांशी बोलला नाही. पहिल्याच पायरीवर बसला.

"ह्यो उचलंना गड्या मला. तू घे."

मी धोतराचा काचा मारला आणि हरण्याच्या पोटाखाली हात घातले. उचललं मात्र, जागच्या जागी थांबलो. गुळाचा रवा, म्हणजे मोठी ढेप असते ना, तीस किलोची, तो मी हजारदा उचललाय. माझ्या कमरेला त्याची ओळख आहे. हे कुत्रं रव्यापेक्षा जड होतं.

"आकाराम, ह्यो अकरा न्हाई रं."

"मग किती, दहा?"

 हरण्याला घेऊन काट्यावर चढलो. रोज सकाळी काटा बरोबर चाललाय का बघायला मी स्वतःच त्यावर उभा राहायचो, त्यामुळं माझा आकडा मला पाठ. अठ्ठावन्न. समोर लाल आकडे थरथरत थांबले. सत्याण्णव.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

"काटा बिघडलाय तुझा."

"सकाळीच बघितलाय."

"मग महिन्यात एवढा वाढला?"

"महिन्यात एवढं कोन वाढत न्हाई." "आकाराम, आता तू ये. नुसता तू."

तो बसल्या जागेवरून माझ्याकडं बघत राहिला. हिशोब त्याच्याही डोक्यात झाला असणार, सातवीपर्यंतचं गणित त्याचं माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"पैलवानाला काट्यावर चढवतोस व्हय, गुळागत?"

"चढ की."

"नको, ज्ञानू."

"हरण्यासाठी चढ."

मग तो उठला. पायरीला हात लावून, भिंतीला हात लावून, माझ्या खांद्याला हात लावून. ढगळा पांढरा सदरा त्याच्या अंगावर वाऱ्यानं हलला तसं मला पहिल्यांदा दिसलं, की आत माणूस फार थोडा आहे. काट्यावर उभा राहिला तो छाती काढून, जत्रेत पुकारा व्हावा तसा. डोळे समोर, आकड्याकडं बघेना.

"सांग."

"बासष्ट."

 हरण्या पत्र्याशेजारी आडवा पडून धापत होता.

"पायातलं चप्पल काढलं न्हवतं," आकाराम म्हणाला.

"मग आनि कमी."

तेव्हा तो हसला. दमलेलं, आतल्या आत. "म्हंजे मी दिलं ते त्येनं घेतलं म्हन की. एवढा वस्ताद, आनि वजन कुठं गेलं ते कळलं न्हाई."

मी रिक्षा केली आणि दोघांना घरी घेऊन गेलो. शालूवहिनीला सगळं सांगितलं. ती आधी हरण्याकडं बघत राहिली, मग नवऱ्याकडं. नवऱ्याच्या सदऱ्याची बाही वर सारून तिनं दंड धरला. तिचा अंगठा आणि बोट एकमेकांना लागली.

"भावजी, म्या रोज ताट लख्ख बघत व्हते वो," ती म्हणाली. मग आकारामवर कडाडली, "कुनाला वाढत व्हते म्या एवढी वर्सं? त्या मुडद्याला? आनि तुमी वर ढेकर देत आत येत व्हतासा!"

"पठ्ठ्याच्या आधी जेवायचं न्हाई, असा नेम हाय," आकाराम हळूच म्हणाला.

"तुमचा पठ्ठा तुमच्या नेमानं मरतोय! डाक्तर सांगून दमला की!"

आकारामनं हरण्याकडं पाहिलं. कुत्रं उंबऱ्यापाशी पडलं होतं, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. वहिनीनं ताट आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. वासाबरोबर हरण्यानं मान उचलली, फरफटत जवळ आला, नेहमीच्या जागी बसला. आकारामनं भाकरी मोडली. हात सवयीनं खाली निघाला आणि मधेच थांबला. पहिला घास त्यानं स्वतःच्या तोंडात घातला. चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "तिखाट झालंय," म्हणाला. वहिनी म्हणाली, "खावा गप."

दुसऱ्या दिवसापासून दोघांचं चालणं सुरू झालं. आधी तालमीच्या दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. दोघंही धापा टाकायचे आणि एकमेकांसाठी थांबायचे. जेवणाच्या वेळी वहिनी हरण्याला आत कोंडायची आणि स्वतः पाट घेऊन कट्ट्यावर नवऱ्यासमोर बसायची, पहारा दिल्यासारखी. आत कुत्रं रडायचं. आकाराम घास गिळायचा तो औषध गिळल्यागत. मला म्हणायचा, "खासबागेत हरलो तवा एवढा दमलो न्हवतो."

दिवाळीच्या सुमारास मी गेलो तर हरण्या दारातून उठून माझ्या अंगावर आला. उठून, बरं का. आकारामनं त्याच्या कुशीवर बोटं फिरवली आणि माझाही हात धरून तिथं लावला. कातडीखाली बरगड्या होत्या, एकेक, वीणेच्या तारांसारख्या.

"डाक्तर म्हनाला तशा," आकाराम म्हणाला. मग मान खाली घालून स्वतःचा सदरा पाठीवरून वर केला. "आता हितं बघ. खरं सांग."

मी हात लावला.

"लागत्यात रं अजून," मी म्हणालो.

त्यानं सदरा खाली सोडला, कट्ट्यावर नीट बसला आणि आत वळून हाक मारली, "शाले, वाढ बाई. ह्यो ज्ञानू भरलो न्हाई म्हनतोय अजून."