नाल्याच्या अलीकडची मोजणी

शामराव मामा गेल्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी चंद्रपूरच्या राहत्या घरी वारले. वय एक्क्याऐंशी, कारण हृदयविकार. मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच निघालो होतो, एका जबाबासाठी, तिसऱ्यांदा. शोकसभेत लोकांनी त्यांना जिल्ह्याचा चालताबोलता नकाशा म्हटलं.

मामा सरकारी मोजणीदार होते. चांदा एकच जिल्हा होता तेव्हा नोकरीला लागले, आणि वैनगंगेपलीकडचा मुलूख तोडून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा एटापल्लीच्या डोंगरांत गावांच्या याद्या नव्याने तपासत होते. पुढे राजुऱ्यातून जिवती निघाला, पोंभुर्णा तालुका झाला. कोणतं गाव कुठून कुठे गेलं, हे ते कागद न पाहता सांगत. निवृत्तीनंतर त्यावर त्यांनी पुस्तक छापलं. त्यात नद्या अचूक आहेत, तालुके अचूक आहेत. कोसमटोला नाही.

कोसमटोला हे एटापल्लीच्या त्याच डोंगरांतलं माडिया आदिवासींचं गाव. लागोपाठ माणसं दगावली की गावाने जागा सोडायची, ही तिथली रीत. गायता, म्हणजे गावचा पुजारी, नवी जागा ठरवतो आणि घरांचे खांब तसेच उभे ठेवून सगळे उठतात. मामा पोहोचले त्याच्या आदल्या वर्षी गाव नाल्यापलीकडे गेलं होतं. अलीकडे नुसते खांब. मामांनी यादीत शेरा मारला : रिठी, म्हणजे ओसाड. पाणी गुडघाभर होतं, पण पलीकडे जायचं तर बूट काढावे लागले असते. हे सारं त्यांनीच सांगितलेलं, लग्नाकार्याच्या पंगतीत, हसत, अनेकदा...

त्या शेऱ्यावर कित्येक वर्षांनी कोसमटोल्याचा वनहक्काचा दावा अडला. ओसाड गावाच्या नावाने जंगल कोण देणार? मोजणीदाराने वस्ती पाहिल्याचं लिहून दिलं असतं, तर वनहक्क समितीपुढे तो पुरावा ठरला असता. गावाच्या दाव्याचं काम मी पाहत होतो, म्हणून उन्हाळ्यात गावातल्या सोमीबाईंना घेऊन मामांकडे गेलो. मामांनी चहा मागवला, सोमीबाईंच्या गावाहून तालुक्याचं अंतर न विचारता सांगितलं. सोमीबाई कप हातात धरून बसल्या होत्या.

"भाऊ, तुमी आले तई मी लहान होती. नाल्याच्या पल्याडून तुमाले पाणी आणून देल्लं होतं. आमच्या घराइचा धूर तुमी पाह्यला होता ना?"

"पाह्यला ना, बाई. पाणी बी पेलो. मी नाई कुठी म्हणून राह्यलो?" मामा म्हणाले. "पण नकाशात धुराची खूण नसते."

एवढंच लिहून द्या, असं मी म्हटलं. मामा माझ्याकडे वळले.

"काऊन देऊ? आज लिहून देल्लं तं तवा मी खोटं लिवलं असं होते. माह्या पुस्तकाले मंग कोण विचारन?"

सोमीबाईंनी चहा न पिता कप खाली ठेवला. पावसाळ्यात मी पुन्हा गेलो, एकटा. मामांनी पुस्तकाची प्रत सही करून दिली, जबाब दिला नाही.

त्यांच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात समितीपुढे सुनावणी झाली. मोजणीदाराचा जबाब आहे का, असं विचारलं गेलं. मी मृत्यूचा दाखला सादर केला. त्या ठिकाणी वस्ती असल्याचा पुरावा नाही, असं नोंदवून समितीने दावा फेटाळला. निकालाची प्रत कार्यालयाच्या शिपायाने नाला ओलांडून सोमीबाईंच्या घरी नेऊन दिली. पोचपावतीवर त्यांचा अंगठा आहे. ठिकाणाच्या रकान्यात शिपायाने लिहिलं आहे : कोसमटोला.