वाकळेतली सुई

सुनेनं आज गणपतीतच नाताळच्या वाकळेची शिवण काढली. जुन्या लुगड्यांचा वास आला आणि मी पन्नास वर्षं मागं, कोयनानगरला जाऊन पडले.

माझ्या सासूबाईही अशाच. "एवढी घाई कशाला, आत्याबाई?" मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "आगं, नाताळ काय सांगून येतो व्हय!" त्या वर्षीची वाकळ माझ्या तान्ह्या दानिएलसाठी होती.

एका दुपारी धरणीकंप झाला. असा, की धरणाच्या कॉलनीतल्या कोंबड्या उडत थेट पाटणला पोचल्या. पोराला उचलून आम्ही अंगणात पळालो. परत आलो, तर वाकळेत टोचलेली सुई गायब!

भूकंप विसरले मी. याच वाकळेत माझं पोर झोपणार होतं. झटकली, उसवली, चाचपून चाचपून बोटं निम्मी झिजली. सुई सापडेना.

"जाळून टाकू या," मी रडत म्हटलं.

"लय शानी हायस! सर बाजूला." सासूबाईंनी अंग टाकलं आणि त्या वाकळेवर गडाबडा लोळायला लागल्या. एकदम किंकाळी फुटली.

"घावली गं, घावली!" दंडात रुतलेली सुई दाखवत त्या हसत होत्या.

मीही हसले, सुई बघून. त्यांच्या दंडावरून ओघळणारं रक्त मला आज दिसतंय.